‘तशी वेळ’ येण्याआधी

आज १० ऑक्टोबर, जागतिक मानसिक आरोग्य दिन. १९९२ पासून हा दिवस जगभर पाळला जातो. आज जिल्हा रुग्णालयांतून प्रभातफेऱ्या निघतील, महाविद्यालयांत व्याख्याने होतील, वृत्तपत्रांत तज्ज्ञांचे लेख येतील. या सगळ्याचा रोख बहुतेक वेळा शेवटच्या टप्प्यावर असतो: आत्महत्या, व्यसनाने मोडलेले घर, वर्षानुवर्षे खोलीत कोंडून घेतलेला तरुण. त्याबद्दल बोलायलाच हवे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे आणि राज्यांमध्ये सर्वाधिक, २२,७४६, महाराष्ट्रातल्या आहेत. हे आकडे वाचून ज्याला काही वाटत नाही त्याच्याशी बोलण्यासारखे काही उरत नाही.

पण आज आम्हाला त्या टोकाच्या बऱ्याच आधीच्या काळाबद्दल लिहायचे आहे. त्या काळात माणूस कामावर जातो, डबा नेतो, घराचा हप्ता भरतो, लग्नाकार्यात पंगतीत बसून हसतो आणि पहाटे तीनला टक्क जागा असतो. छातीत धडधडते म्हणून कार्डिओग्राम काढून झालेला असतो, तो नॉर्मल आलेला असतो. मित्रांचे फोन उचलणे हळूहळू बंद झालेले असते. घरातल्या कुणी धीर करून सुचवलेच, की एकदा कुणा तज्ज्ञाशी बोलून घे, तर उत्तर ठरलेले: ‘अजून तशी वेळ आलेली नाही.’

हे उत्तर देणारा माणूस अडाणी नसतो. त्याच्या मनात मदत घेण्यासाठी एक उंबरठा ठरलेला असतो आणि तो फार उंच असतो. हा उंबरठा आपण सगळ्यांनी मिळून बांधला. ‘याला आता येरवड्याला पाठवा’, ‘ठाण्याला नेऊन ठेवा’ हे टोमणे ऐकत इथल्या पिढ्या मोठ्या झाल्या. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्याची चारही जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये इंग्रज अमदानीत उभी राहिली आणि मनाच्या उपचाराचे आपल्या डोक्यातले चित्र तिथेच अडकले. उंच भिंती, मोठे फाटक, आत गेलेला माणूस. त्या चित्रात स्वतःला बसवायला कोण तयार होईल? मग रात्री झोप न लागणारा बँकेतला अधिकारी, दहावीच्या निकालानंतर जेवण टाकलेली मुलगी, निवृत्तीनंतर दिवसदिवस खुर्चीतून न उठणारे मास्तर, सगळेच म्हणतात, की आपले काही तितके झालेले नाही.

‘तितके’ होईपर्यंत किती काळ जातो? अमेरिकेतल्या एका मोठ्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. नैराश्यासारख्या भावनिक विकारांत पहिली लक्षणे दिसल्यापासून उपचारांशी पहिली गाठ पडेपर्यंत तिथे साधारण सहा ते आठ वर्षे जात होती आणि चिंतेच्या वेगवेगळ्या विकारांत नऊ ते तेवीस वर्षे. डॉक्टरांची आणि पैशांची आपल्यापेक्षा कितीतरी अधिक सोय असलेल्या देशातली ही गोष्ट. आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत, असे त्यात आढळले. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण आपली स्थिती फार वेगळी असेल असे मानण्याचे काही कारण आम्हाला दिसत नाही.

उपचाराविना जाणाऱ्या या वर्षांत आजार नुसता थांबून राहत नाही, हे समजून घेणे फार गरजेचे आहे. ज्याला चार लोकांसमोर बोलायची धास्ती वाटते तो पहिल्यांदा एक बैठक टाळतो. टाळल्याबरोबर त्याला सुटल्यासारखे वाटते. त्या सुटकेतून मन शिकते, की टाळले म्हणून वाचलो. पुढची बैठक त्यामुळे आणखी अवघड होते. मग बढती नाकारली जाते, मग बदली मागून घेतली जाते आणि दहा वर्षांनी तो स्वतःबद्दल सांगतो, की माझा स्वभावच असा आहे. नैराश्याचीही चाल अशीच. मन लागत नाही म्हणून भजनाला जाणे बंद होते, चालणे बंद होते, मैत्रिणीकडची चकली-चिवड्याची बैठक बंद होते. दिवसातून जे थोडेफार बरे वाटायचे तेही गेल्यावर मन आणखी उतरते. शिवाय नैराश्याचा एक झटका येऊन गेला की दुसरा येण्याची शक्यता वाढते, दुसऱ्यानंतर तिसऱ्याची त्याहून अधिक. झोपेसाठी घेतलेला रात्रीचा एक पेग वर्षभरात दोनाचा होतो. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने १९८६ पासून महाराष्ट्राला हे शिकवले, की व्यसन हा आजार आहे आणि त्यातून माणूस बाहेर येऊ शकतो. डॉ. अनिता अवचट यांनी उभ्या केलेल्या त्या कामाचे ऋण मोठे आहे. पण पहिल्या पेगाच्या मागे जी न झोपलेली रात्र होती तिच्याबद्दल त्याच वेळी कुणी विचारले असते, तर पुढची किती घरे त्या फरफटीतून वाचली असती!

लवकर जाण्याचे आणखी एक कारण फारसे बोलले जात नाही. समुपदेशन हे करून घेण्याचे काम नाही, ते करण्याचे काम आहे. औषधाची गोळी गिळली की ती आपले काम करते. इथे माणसाला स्वतः वही लिहावी लागते, टाळलेल्या गोष्टींकडे पुन्हा जावे लागते, जुन्या समजुती तपासाव्या लागतात. त्यासाठी अंगात थोडे त्राण, थोडी झोप, थोडी आशा शिल्लक असावी लागते. शेतकऱ्याला वाफसा कळतो. जमीन फार ओली असली तरी औत चालत नाही, दगडासारखी सुकली तरी चालत नाही. मधले काही दिवस असतात, तेव्हा थोड्या श्रमात मशागत होते. मनाचाही असा वाफसा असतो आणि ‘अजून तशी वेळ आलेली नाही’ म्हणत आपण नेमके तेच दिवस घालवतो. पूर्ण खचलेला माणूसही बरा होतो, होतोच. पण त्याला आधी औषधांनी उभे करावे लागते, घरच्यांना रजा काढाव्या लागतात आणि वाट लांबते.

पहिल्या भेटीत काय होते, हे ठाऊक नसल्यानेही अनेकजण दारातून परततात. तिथे कोच असतोच असे नाही आणि कुणी तुमच्या बालपणावर लगेच तुटून पडत नाही. साधारण पाऊणएक तास साधे प्रश्न विचारले जातात. हे कधीपासून आहे, झोप कशी आहे, भूक कशी आहे, कामावर काय परिणाम झाला, घरात कोण कोण आहे, कुणाशी मोकळे बोलता येते का, यापूर्वी असे कधी झाले होते का. जगणे नकोसे वाटते का, हेही सरळ विचारले जाते. या प्रश्नाने तसा विचार डोक्यात भरतो ही भीती निराधार आहे. उलट विचारल्यावर पुष्कळांना हायसे वाटते. रक्ताच्या काही तपासण्या सुचवल्या जाऊ शकतात, कारण थायरॉइडची तक्रार किंवा रक्त कमी असणे हेही थकव्याच्या आणि उदासीच्या रूपात समोर येते. मग दोघांनी मिळून ठरवायचे, की पुढच्या काही भेटींत नेमके काय साधायचे. चिंता आणि सौम्य-मध्यम नैराश्यासाठीच्या अनेक पद्धती मोजक्या भेटींच्या असतात, सहा, आठ, बारा. आयुष्यभर कुणाच्या खुर्चीला बांधून घेण्याचा हा प्रकार नाही. आणि कधी कधी पहिल्याच भेटीत तज्ज्ञ सांगतात, की तुम्हाला आत्ता उपचाराची गरज नाही, अमुक दोन गोष्टी करून पाहा आणि महिन्याने कळवा. ती भेट वाया गेली असे कुणी समजू नये.

मराठी माणसाला हे सगळे परके वाटण्याचेही कारण नाही. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली. घटना आपल्याला जितके छळते त्याहून तिच्याबद्दलचा आपला हट्ट अधिक छळतो, हा तिचा गाभा आपल्या संतपरंपरेत वाढलेल्या माणसाला सहज कळतो. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या ‘आयपीएच’ या मानसिक आरोग्य संस्थेने मनाविषयी सोप्या मराठीत, भरल्या सभागृहात बोलायची सवय लावली. डॉ. मोहन आगाशे यांच्यासारख्या मनोविकारतज्ज्ञाने निर्मिलेल्या ‘कासव’ला २०१६ चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्यातला तरुण नैराश्याशी झगडणारा होता. ऐकायला आणि पाहायला आपण तयार झालो आहोत. स्वतःची नावनोंदणी करताना मात्र हात थबकतो.

सर्वांत दिलासा देणारे काम आपल्या शेजारी, गोव्यात झाले. तिथल्या ‘संगाथ’ या संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. केंद्रात येणारी माणसे मनाची तक्रार घेऊन आलेली नव्हती. कुणाचे अंग दुखत होते, कुणाला झोप नव्हती, कुणाला अशक्तपणा. त्यांना काही ठरावीक प्रश्न विचारल्यावर बऱ्याच जणांत चांगलेच तीव्र नैराश्य आढळले. अशा ४९५ जणांचे दोन गट केले. डॉक्टरांचे नेहमीचे उपचार दोन्ही गटांना मिळाले. एका गटाला त्याखेरीज सहा ते आठ भेटींचे समुपदेशन मिळाले. ते देणारे कुणी मोठे तज्ज्ञ नव्हते. मानसिक आरोग्याचे व्यावसायिक शिक्षण नसलेली, स्थानिक भाषा बोलणारी, प्रशिक्षण दिलेली आणि अनुभवी लोकांच्या देखरेखीखाली काम करणारी ती माणसे होती. कधी केंद्रात, कधी पेशंटच्या घरी बसून ती विचारत: पूर्वी काय आवडायचे, आता काय सुटले, या आठवड्यात त्यातले कोणते एक पुन्हा सुरू करता येईल? मन लागले की करू, असे आपण म्हणतो. करायला लागल्यावर मन लागते, हा त्या पद्धतीचा पाया. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या गटातले ६४ टक्के लोक नैराश्याच्या त्या पातळीतून बाहेर आले होते, दुसऱ्या गटातले ३९ टक्के. ‘लॅन्सेट’ने २०१७ मध्ये हे निष्कर्ष छापले.

या प्रयोगात आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती त्याची जागा. लोक जिथे आधीच जात होते, केसपेपर काढून बाकावर बसत होते, तिथेच त्यांना कुणीतरी विचारले. मनाच्या दवाखान्याची वेगळी पायरी चढायची वेळच आली नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ कार्यक्रमाने हेच दुसऱ्या वाटेने केले. कर्ज, नापिकी आणि आत्महत्यांच्या बातम्यांनी वेढलेल्या त्या भागात गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून तयार केले गेले. कार्यक्रमाआधी नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोक कोणती तरी मदत घेत होते. नंतरच्या पाहणीत हे प्रमाण २७.२ टक्के निघाले. नाशिक जिल्ह्यात सुरू झालेल्या ‘आत्मीयता’ उपक्रमातही गावातलीच माणसे शेजाऱ्याच्या ओसरीवर बसून चार-सहा वेळा बोलतात आणि सोबतच पेन्शनचा अर्ज, सरकारी योजनेचे कागद यांतही हात देतात. हा दुसरा भाग आम्हाला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. ज्याच्या डोक्यावर सावकार बसला आहे त्याला फक्त विचार बदलायला सांगणे क्रूर आहे.

इथे एक रास्त शंका येते. प्रत्येक दुःखाला आजार ठरवायचे का? मुळीच नाही. घरात मृत्यू झाला की रडणे, जेवण न जाणे, महिनोन्महिने पोकळी वाटणे हे प्रेमाचेच रूप आहे. तेराव्यापर्यंत घर भरलेले असते, शेजारून पिठलेभात येतो, कुणी नुसते जवळ बसून राहते; या आधाराची जागा कोणताही तज्ज्ञ घेऊ शकत नाही. एखाद्या मोठ्या आपत्तीनंतर लगेच प्रत्येकाला बसवून एकाच बैठकीत सगळे बोलायला लावू नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचाही सल्ला आहे. लवकर म्हणजे घाईने नव्हे. पण उदासी किंवा धास्ती दोन आठवड्यांहून अधिक दिवस जवळजवळ रोज राहत असेल, तिच्यामुळे झोप, भूक, काम, माणसे यांतले काही सुटत चालले असेल, तर ‘हे किती वाईट आहे’ असे मोजत बसण्यात अर्थ नाही. कधीपासून आहे आणि काय काय सुटले, एवढेच पाहावे. आणि जगण्याचाच कंटाळा येत असेल, तर एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते. अगदी टोकाची वेळ आल्याशिवाय तो फिरवू नये असा काही नियम नाही.

‘लवकर जा’ असा नुसता उपदेश करून मात्र कुणाची सुटका होणार नाही, सरकारची तर नाहीच. जायचे कुठे? देशात एक लाख लोकसंख्येमागे एकसुद्धा मनोविकारतज्ज्ञ नाही. हा आकडा पाऊणच्या आसपास सांगितला जातो आणि जे आहेत ते बहुतेक शहरांत. पुण्या-मुंबईत खासगी समुपदेशकाच्या एका तासाची फी हजार-दीड हजाराच्या घरात सहज जाते. आठ भेटींचा हिशेब केला की शिक्षणसेवकाच्या पगाराला खिंडार पडते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणेच विमा द्यावा, असे बजावले. ते मोठे पाऊल होते. पण आपल्याकडचा आरोग्य विमा मुळात रुग्णालयात दाखल होण्याभोवती बांधलेला आहे. माणूस कोसळून दाखल झाला तर खर्च मिळतो. तो कोसळू नये म्हणून लागणाऱ्या आठ तासांच्या बोलण्याचा खर्च बहुतेक पॉलिसींत बसत नाही. ‘अजून तशी वेळ आलेली नाही’ असे विमा कंपनीही म्हणते. बाह्यरुग्ण समुपदेशन विम्यात आणणे हे कुणाचे उपकार नव्हेत, कायद्याच्या हेतूला धरूनच ते आहे. विमा नियामकाने हे आता मनावर घ्यावे.

दुसरी अडचण पाटीची. समुपदेशक अशी पाटी आज कुणीही लावू शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. बाकीच्यांसाठी २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय आयोग कायद्यातून शिस्त यायची आहे, ती लवकर यावी. तोवर जाणाऱ्याने शिक्षण कुठे झाले, नोंदणी आहे का, अनुभव किती, हे निःसंकोच विचारावे. मुलीचे स्थळ पाहताना आपण याहून अधिक चौकशी करतो. पहिल्याशी सूर जुळला नाही तर दुसऱ्याकडे जावे. एका भेटीवरून सगळी विद्याच मोडीत काढू नये.

आणि सरकारला ताबडतोब, फारशा खर्चाविना करता येण्याजोगे एक काम आहे. बाळंतपणानंतर बाई सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात बाळाला लस द्यायला येते. आशाताई तिच्या घरीही जातात. बाळाचे वजन होते, कार्डावर नोंद होते, ताप आला तर काय करायचे ते सांगितले जाते. आईला मात्र कुणी विचारत नाही, की गेल्या दोन आठवड्यांत फार उदास वाटले का, कशातच मन लागेनासे झाले का. हे दोन प्रश्न विचारायला दोन मिनिटे लागतात. बाळंतिणीचे रडणे ‘होतं असं’ म्हणून सोडून देणाऱ्या घरात तिच्या बाजूने बोलणारे दुसरे कुणी नसते. प्रत्येक उपकेंद्राच्या लसीकरणाच्या नोंदवहीत बाळाच्या वजनाशेजारी आईच्या या दोन उत्तरांसाठी एक रकाना वाढवावा आणि ‘हो’ उत्तर आले तर पुढची भेट कुणाकडे, कोणत्या वारी, हे त्याच कार्डावर लिहून द्यावे. पुढच्या १० ऑक्टोबरला प्रभातफेरी काढण्यापूर्वी आरोग्य विभागाने राज्यातल्या किती उपकेंद्रांत हा रकाना भरला जातो याचा हिशेब द्यावा.